फिन्स घेताना आधी टाच बघा, पातं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघा नवरा-बायकोंनी गेल्या वर्षी अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स केला, आतापर्यंत माणशी चौदा-पंधरा डाइव्ह झाल्या, या हंगामात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जायचंय आणि पुढच्या वर्षी मालदीव. भाड्याच्या फिन्सनी, म्हणजे पावलांत घालायच्या रुंद पात्याच्या पंखांनी, वहिनींच्या पोटरीत दर वेळी गोळा येतो. तुमचे पाय सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना मध्ये थांबायचं असतं तेव्हा, वर वर जातात. दुकानदार म्हणतो स्प्लिट, म्हणजे मधोमध चिरलेल्या पात्याचा फिन घ्या, टेक्निकल, म्हणजे जास्त अवघड डायव्हिंग करणारा मित्र जड रबराच्या जेट फिनशिवाय दुसरं नाव घेत नाही, आणि ऑनलाइन एक ॲडजस्टेबल जोड अगदी स्वस्तात दिसतोय. माणशी पंधरा हजार खर्चायची तयारी आहे.

कारणं वाचायचा कंटाळा असेल तर उत्तर आधीच देतो. दोघांनीही ओपन हील फिन घ्या, म्हणजे मागून टाच उघडी असलेला आणि पट्ट्याने बसणारा. पातं साधं, एकसंध, मध्यम कडक. पण फिनच्या आधी स्वतःचे निओप्रीनचे, म्हणजे फोमसारख्या रबराचे बूट घ्या आणि ते पायात घालूनच फिन निवडा. ऑनलाइनचा जोड विसरा. जेट फिन आज नको, स्प्लिट तर मुळीच नको. मालदीवसाठी वेगळा जोड घेऊ नका.

आता कारणं. मी मालवणचा. गेली सोळा वर्षं डायव्हिंग शिकवतोय, त्यातली चार हॅवलॉकला गेली, बाकी सगळी तारकर्ली, निवती, नेत्राणी या पट्ट्यात. या काळात माझ्या हातून स्वतःच्याच फिन्सची खरेदी तीनदा चुकली. तिन्ही वेळा मी पातं बघून फिन घेतला होता.

लोक दुकानात जातात आणि पातंच बघतात. केवढं लांब, मध्ये खाचा किती, रबराच्या पट्ट्या कुठल्या रंगाच्या. कंपन्याही जाहिरात पात्याचीच करतात, कारण दाखवण्यासारखं तिथेच काही असतं. पण पायातली ताकद पात्यापर्यंत पोचते ती फूट पॉकेटमधून, म्हणजे पाऊल ज्यात जातं त्या खोबणीतून. ती सैल असेल तर पातं कितीही भारी असो, तुम्ही पाय मारता तेव्हा आधी पाऊल आतल्या आत हलतं आणि मग उरलेली ताकद पात्याला मिळते. भरीला, निसटू पाहणारा फिन धरून ठेवायला तुम्ही नकळत पायाची बोटं आवळता. पाऊण तास बोटं आवळून पाय मारत राहा, पोटरीत गोळा येणार नाही तर काय होईल?

वहिनींचं दुखणं हेच असावं असं मला वाटतं. पायाचा नंबर ४ म्हणालात. भाड्याच्या पेटीत ४ नंबरच्या पायाला नीट बसणारे फिन फार कमी वेळा असतात. मिडियम आणि लार्जचा ढीग असतो. त्यातून सेंटरवरच्या बुटांचे तळ झिजलेले, निओप्रीन दबून पातळ झालेलं. मग 'पट्टा आवळा, बसेल' असं सांगितलं जातं. पट्टा आवळला की टाचेच्या वरच्या शिरेवर दाब येतो, पाऊल पुढे ढकललं जातं, पण पॉकेट रुंदीला सैलच राहतं. हे मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलंय, तेव्हा दुसऱ्या कुणाला दोष देत नाही. होडीवर बारा माणसं आणि पेटीत दहा जोड असतात तेव्हा आवळा-बसेल हेच शास्त्र चालतं.

तर आधी बूट. आपल्याकडच्या पाण्याला ३ मिलिमीटरचा बूट पुष्कळ झाला. कोकण, अंदमान, मालदीव कुठेच पाणी इतकं गार नाही की ५ चा लागावा. ५ चा घ्यायचा असेल तर तो तळव्याच्या जाडीसाठी घ्या, उबेसाठी नको. तळवा मात्र कडक रबराचा हवा. मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर कधी अनवाणी चाललात तर कालवं तळपायाला काय करतात ते कळेल. ब्लेडने ओढल्यासारखी चीर पडते आणि मिठाच्या पाण्यात ती दोन दिवस बोलते. बूट कोरडा असताना किंचित घट्टच वाटला पाहिजे. पाण्यात गेल्यावर तो सैलावतो, आणि बोटांपुढे हवेची किंवा पाण्याची पिशवी राहिली तर तीच पुढे फिनमध्ये कटकट करते. अर्धा नंबर इकडेतिकडे असेल तर लहान बाजूला जा.

मग तो बूट पायात घालून, शक्य असेल तर ओला करून, फिन घाला. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. पट्टा टाचेवर न चढवता पाय नुसता पॉकेटमध्ये सरकवा. बोटं पुढच्या टोकाशी टेकली पाहिजेत, पण दुमडता कामा नयेत. पॉकेटचा तळ टाचेच्या थोडा अलीकडे संपला पाहिजे. सबंध टाच आत गेली तर फिन मोठा आहे. पाऊल कमानीपाशीच अडकलं तर लहान. आता पट्टा नसतानाच पाय उचला आणि घोटा डावीकडे-उजवीकडे फिरवा. पात्याचं टोक पायाबरोबर लगेच वळलं पाहिजे. आधी पाय वळला आणि मग फिन आळसावल्यासारखा मागून आला, तर तो परत ठेवा, कितीही सवलत असू दे. स्मॉल, मिडियम, लार्ज या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचा मिडियम दुसरीचा लार्ज असतो. म्हणूनच मित्राचा फिन नेटवर बघून मागवणं ही जुगाराची गोष्ट आहे.

एवढं करूनही गोळे येत राहिले तर कारण फिनमध्ये नाही, पाय मारण्यात आहे. पुढच्या डाइव्हला बडीला, म्हणजे जोडीदार डायव्हरला सांगून मागून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. दहातल्या सात नवशिक्यांचे गुडघे सायकल मारल्यासारखे वर-खाली होताना दिसतात. गुडघा पोटाकडे येतो, फिन पाणी ढकलण्याऐवजी पाण्यातून सुरीसारखा सरकतो, आणि सगळं ओझं पोटरीवर पडतं. ताकद मांडीतून आली पाहिजे, गुडघा फक्त सैल. आणि गोळा आलाच तर थांबायचं, गुडघा सरळ करायचा, फिनचं टोक हाताने धरून स्वतःकडे ओढायचं. कोर्समध्ये शिकवलेलं असतं, पण प्रत्यक्षात लोक गोळा घेऊन पोहतच राहतात, मागे पडायला लाज वाटते म्हणून.

आता तुमच्या पायांकडे येतो, म्हणजे ते वर का जातात याकडे. हा प्रश्न मला जास्त आवडला, कारण याचं उत्तर बहुतेक दुकानांत मिळत नाही.

आपल्याकडे भाड्याने मिळतात ते सिलिंडर बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे, साधारण ११ लिटरचे. हवेलाही वजन असतं, हे आपण विसरतो. एक लिटर हवा साधारण सव्वा ग्रॅमची. २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये बावीसशे लिटर हवा असते. तुम्ही ५० बारला वर येता तोवर त्यातली साडेसोळाशे लिटर फुंकलेली असते, म्हणजे दोन किलो वजन पाठीवरून गेलं. सुरुवातीला जेमतेम बुडणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी तरंगायला लागतो. आणि तो सारखा तरंगत नाही. वरच्या बाजूला जड व्हॉल्व्ह आणि ज्यातून श्वास घेतो तो रेग्युलेटर असतो, म्हणून बूड वर जातं. ते बूड कुठे असतं? तुमच्या कमरेखाली. म्हणजे नेमकं ५ मीटरवर तीन मिनिटं शांत राहायचं असतं तेव्हाच कुणीतरी मागून कमरेला उचलल्यासारखं वाटतं. पायात प्लॅस्टिकचे हलके फिन असले तर त्यांची त्यात मदतच होते.

नेत्राणीला एक विद्यार्थिनी होती, पुण्याची, पोहायला पट्टीची. पूर्ण डाइव्ह सुंदर केली. सेफ्टी स्टॉपला तिने दोरी धरली आणि तिचे पाय हळूहळू वर जायला लागले, घड्याळाच्या काट्यासारखे. ती पाय खाली आणायला फिन मारायची आणि फिन मारला की आणखी खाली ढकलली जायची, कारण डोकं खाली होतं. तिसऱ्या मिनिटाला ती दोरीला उलटी लटकलेली आणि डोळे मास्कएवढे. वर आल्यावर म्हणाली, माझं वजन, म्हणजे कमरेला लावलेलं शिसं, कमी पडलं का? वजन बरोबर होतं. ते चुकीच्या जागी होतं. दुपारच्या डाइव्हला तिच्या पट्ट्यावरची एक किलोची वडी काढून सिलिंडरच्या खालच्या पट्ट्यात अडकवली आणि तिचे फिन बदलून मॉनप्रीनचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे, थोडे जड फिन दिले. ती आडवी राहिली.

तेव्हा तुम्हीही फिन घ्यायच्या आधी एक परीक्षा करा. डाइव्हच्या शेवटी, ५०-६० बार उरले असताना, ५ मीटरवर आडवे व्हा, हात छातीशी बांधा आणि पाय पूर्ण थांबवा. दहा सेकंद काहीच करायचं नाही. पाय वर जातात, खाली जातात, की आहेत तिथे राहतात, ते बघा. वर जात असतील तर पाण्यात किंचित बुडणारा फिन तुमच्यासाठी. खाली जात असतील तर तरंगणारा किंवा अगदीच हलका. दुकानात विचारून उपयोग नाही, तिथे कुणीही 'न्यूट्रल आहे साहेब', म्हणजे बुडत नाही की तरंगत नाही, असंच सांगणार. फिन बादलीत सोडून बघितला तर दोन सेकंदांत कळतं. रबराचा फिन तळाला जातो, पॉलिमरचे काही तरंगतात, काही निवांत बुडतात.

यावरून मित्राच्या जेट फिनकडे. तो फिन वाईट नाही हे आधी सांगतो, नाहीतर मित्र माझ्या घरी येईल. स्कूबाप्रोचा जेट फिन १९६५ पासून बाजारात आहे आणि त्याचं रूप जवळजवळ तसंच राहिलंय. निखळ जड रबर, आखूड रुंद पातं, त्यात आरपार फटी. पाय परत घेताना पाणी त्या फटींतून निसटतं, म्हणून एवढं कडक पातं असूनही झटका कमी बसतो. युद्धनौकांवरचे डायव्हर, गुहांत जाणारे डायव्हर, जहाजांच्या अवशेषांत शिरणारे डायव्हर यांना तो का आवडतो? एक म्हणजे तो मोडत नाही. दुसरं म्हणजे बेडकासारखा पाय मारायला, मागे जायला, जागच्या जागी गोल फिरायला आखूड कडक पात्यासारखं दुसरं काही नाही. आणि तिसरं, जे लोक सांगत नाहीत, ते म्हणजे ड्रायसूट. गार पाण्यात घालायच्या त्या सूटमध्ये हवा असते, ती पायांकडे पळते आणि पाय वर उचलते. जड फिन तिला खाली दाबून धरतो. तुमचा मित्र ड्रायसूट घालत असेल, पाठीवर दोन सिलिंडर लावत असेल, तर त्याच्यासाठी त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

तुम्ही मात्र ३ मिलिमीटरचा वेटसूट, कधी नुसती रॅशगार्ड, म्हणजे अंगाला चिकटणारा पातळ सदरा, घालून जाणार. तुमचे पाय वर जातात म्हणून तुम्हाला वाटेल, मग जेट फिनच बरा. पण तो गरजेपेक्षा फारच जास्त खाली ओढतो. माझ्याकडे एकजण असा आला होता, नवाकोरा जेट फिन घेऊन. पहिल्या वीस मिनिटांत तो पाण्यात जिना चढत असल्यासारखा उभा तिरका पोहत होता आणि तळाची वाळू मागच्या चौघांच्या तोंडावर. आमच्याकडे मालवणात पाणी आधीच हिरवट, दिसणार पाच-सहा मीटर. त्यात पुढचा वाळू उडवायला लागला की मागचा चहाच्या कपात पोहतो. त्याचा सिलिंडर वर सरकवला, वजनं खांद्याकडे नेली, तेव्हा तो थोडा सरळ झाला. शेवटी त्याने तो जोड विकला. घेणारा तोंडभर हसला, कारण त्याला अर्ध्या किमतीत मिळाला आणि तो आजही वापरतोय.

शिवाय विमानाचं सामान. देशातल्या बहुतेक विमानांना १५ किलो चेक-इन. रबराचा जोडच दोन किलोच्या पुढे जातो, त्यात बूट, डायव्हिंगचं जॅकेट, सूट. रेग्युलेटर, डाइव्ह कम्प्युटर आणि मास्क केबिनमध्ये नेलात तरी पोर्ट ब्लेअरच्या काउंटरवर तुम्ही कपडे कमी करत बसाल.

तुम्हाला हवाय तो याच्या मधला: जेट फिनचाच घाट पण हलक्या थर्मोप्लॅस्टिक रबराचा, किंवा नेहमीचा खाचांचा प्लॅस्टिक-रबर मिश्र फिन. पहिल्या जातीत एपेक्सचा आरके३, ओएमएसचा स्लिपस्ट्रीम. दुसऱ्यात मारेसचा अवांती क्वात्रो, जो माझ्या पेटीत सगळ्यात जास्त वर्षं टिकलाय. तुमचे पाय वर जातात म्हणून तुम्हाला पहिल्या जातीकडे झुकायला सांगेन. वहिनींचे पाय वर जात नसतील, तर त्यांना दुसरी जात, आणि त्यातही मऊ पात्याची. दोघांनी एकसारखे घ्यावेत असा काही नियम नाही, हे मुद्दाम सांगतो. जोडप्यांना जोडीने वस्तू घ्यायची हौस असते.

मऊ-कडक कसं ओळखायचं? फिन उभा धरा, टोक जमिनीला टेकवा आणि पॉकेटवरून हाताने दाबा. चांगलं पातं टोकाकडून वाकायला लागतं आणि वाक हळूहळू पॉकेटकडे चढतो, वाऱ्यात वाकलेल्या माडासारखा. वाईट पातं पॉकेटच्या जोडापाशीच बिजागरीसारखं मोडतं आणि पुढचा भाग सरळच्या सरळ राहतो. असं पातं पाणी मागे ढकलत नाही, नुसतं थोपटतं. मधल्या खाचांत मऊ रबराच्या पट्ट्या असतात त्या फुगून पातं पन्हळीसारखं खोलगट करतात, पाणी कडांवरून निसटू देत नाहीत. त्या शोभेच्या नाहीत. ऑनलाइनच्या स्वस्त जोडात मात्र त्या बऱ्याचदा शोभेच्याच असतात, नुसत्या रंगवलेल्या.

तो ॲडजस्टेबल जोड स्नॉर्केलिंगचा आहे. आखूड, मऊ, एकाच पॉकेटमध्ये तीन-चार नंबर बसवणारा, म्हणजे कुणालाच नीट न बसणारा. मुलांना चिवल्याच्या किनाऱ्यावर घेऊन जायला छान. पाठीवर सिलिंडर, पुढ्यात प्रवाह असताना तो पाय हलवल्याचं समाधान देतो, अंतर कापत नाही. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर अडथळा चौपट होतो. सिलिंडर-जॅकेटसकट तुमचा आकार मुळातच बेढब. तिथे पात्याला दम लागतो. उलट बाजूचा मोह म्हणजे फ्रीडायव्हिंगचे, म्हणजे सिलिंडरशिवाय श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांचे, लांबलचक फिन. दिसायला देखणे, आणि स्कूबात प्रवाळाची मोडतोड करायला एक नंबर. नको.

स्प्लिट फिनबद्दल मी थोडा पूर्वग्रही आहे, ते समजून वाचा. मधोमध चिरलेलं पातं, दोन जिभांसारखं. छोटे छोटे भराभर पाय मारले तर ते खरंच सोपं जातं, गुडघ्यांना आराम मिळतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका काकांना मी स्वतः तेच घ्यायला सांगितलं होतं आणि ते खूश आहेत. पण त्यात बेडूक-पाय नीट बसत नाही, मागे जाणं जवळजवळ अशक्य, आणि प्रवाहात अचानक जोर काढायचा तर जिभा नुसत्या फडफडतात. तुम्ही दोघं अजून शिकताय. तळाच्या वर एक हातावर वाळू न उडवता सरकायचं, जागच्या जागी वळायचं, फोटो काढणाऱ्याच्या मागे सरकून त्याला जागा द्यायची, हे सगळं आता पायात बसलं पाहिजे. स्प्लिट फिन ते शिकू देत नाही. दुकानदार ते का खपवतोय? बहुधा पडून आहेत म्हणून.

मालदीवबद्दल. तिथे डायव्हिंग दोनीवरून चालतं, दोनी म्हणजे त्यांची होडी. किनाऱ्यावरून खडक तुडवत जायचं नसतं, पाणी उबदार, म्हणून तिथले बरेच जण फुल फूट फिन घालतात, बूट-बीट काही नाही, अनवाणी पाय आत. हलका, स्वस्त, बॅगेत सहज मावतो. पण त्यात नंबर तंतोतंत हवा, आणि तो चपलेच्या दुकानासारखा ४२-४३ असा जोडनंबर येतो. तुमच्या पायाचा नंबर ८ म्हणजे ४२; सैल वाटला तर पातळ मोजा घालता येतो, घट्ट वाटला तर काहीच करता येत नाही, टाचेला फोड येतो आणि ट्रिपचे उरलेले दिवस डेकवर जातात. तुम्ही वर्षाकाठी एकदा मालदीवला जाणार असता तर घ्या म्हटलं असतं. एका ट्रिपसाठी दोन जोड कशाला? तिथल्या चॅनेलमध्ये, म्हणजे प्रवाळामधल्या पाण्याच्या वाटांत, प्रवाह चांगलाच असतो, आणि तुमचा ओपन हील तिथे उत्तम चालेल.

फिनइतकाच महत्त्वाचा, पण कुणी न विचारणारा भाग म्हणजे पट्टा. निओप्रीनचा बूट खोलीवर दबून पातळ होतो. होडीवर घट्ट वाटलेला पट्टा १८ मीटरवर सैल असतो. रबराच्या साध्या पट्ट्याला बकल असतं, आणि बकल म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा, जो नेहमी चुकीच्या वेळी तुटतो. निवतीच्या खडकाजवळ माझा बॅक रोल, म्हणजे होडीच्या काठावरून पाठमोरी उडी घेताना असाच तुटला. मी पाण्यात, वर बघतो तर एकच फिन पायात, दुसरा पानासारखा हेलकावे खात खाली चाललाय. जड रबराचा होता, माझ्या पहिल्या चुकीच्या खरेदीतला. होडीवरून आमचा तांडेल, म्हणजे होडीचा चालक, ओरडला, "रे मेल्या, तुझी व्हाण खंय?" तीस फुटांवर गाळात सापडला, पण तोवर माझे विद्यार्थी वर लाटांत दोरी धरून, आणि त्यांचा गुरू एका पायाने गोल गोल फिरतोय. त्या दिवसापासून मी स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा वापरतो. तो बुटाबरोबर आपोआप आवळतो, बकल नाही, घालायला-काढायला एका बोटाचं काम. होडी हलत असताना शिडीला लटकून फिन काढताना त्याची किंमत कळते. फिनबरोबर आला नाही तर वेगळा घ्या. घेताना तुमच्या फिनच्या खुंटीवर बसतो ना ते बघा. स्प्रिंगला शक्य नसेल तर बंजी दोरीचा पट्टाही चालेल. आणि शिडीचा विषय निघालाच म्हणून सांगतो: एक हात शिडीवर पक्का असल्याशिवाय फिन काढायचा नाही. फिनशिवाय प्रवाहात सुटलेला डायव्हर म्हणजे ओंडका.

पंधरा हजारांत बूट आणि स्प्रिंगचा पट्टाही बसवायचाय, तेव्हा फिनवर सगळे खर्चू नका. ताणतोय असं वाटलं तर जुना जोड बघायला हरकत नाही. सगळ्या डायव्हिंगच्या सामानात निर्धास्तपणे सेकंडहँड घेण्यासारखी वस्तू म्हणजे फिन. पॉकेट आणि पातं जिथे जुळतं तिथे अंगठ्याने दाबून भेग बघा, पट्ट्याच्या खुंट्या हलवून बघा, रबर चिकट झालंय का बघा. एवढं ठीक असेल तर ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा.

नेत्राणीला जायच्या आधी फिन घेऊ नका, असं माझं मत. मुरुडेश्वरला सेंटरवर आदल्या संध्याकाळी जा, बोटीवर ऐनवेळी नको, आणि दोन डाइव्हना दोन वेगवेगळ्या जातीचे फिन मागून घ्या. लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, फिनचं नाव, बूट कुठला, पट्टा कितव्या खाचेवर, गोळा आला का, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पाय कुठे होते, हे लिहा. बूट मात्र तेव्हा तुमचे स्वतःचे असले पाहिजेत, म्हणजे तुलना खरी होईल.

घेतल्यावर पॉकेटमध्ये येणारे पावलाच्या आकाराचे प्लॅस्टिकचे साचे फेकू नका. सगळे फेकतात. फिन पडून असताना पॉकेट चेपू नये म्हणून ते असतात. फिन भिंतीला टोकावर उभे करून ठेवले की एका पावसाळ्यात पातं कायमचं वाकतं. आडवे ठेवा किंवा पट्ट्याने टांगा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत विसरू नका. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायचे, स्प्रिंगवर नळ थोडा जास्त वेळ सोडायचा. काम एवढंच.

राहिला रंग. वहिनींना पिवळा हवाय आणि तुम्हाला तो पोरकट वाटतो, असं लिहिलंय. त्यांना पिवळाच घेऊ द्या, आणि तुम्हीही काळा सोडून काहीतरी घ्या. मालवणच्या हिरव्या पाण्यात बडी पाच मीटर पुढे गेला की त्याचा सूट दिसत नाही, सिलिंडर दिसत नाही. पिवळं काहीतरी हलताना दिसतं तेवढंच. आणि होडीवर वीस काळ्या जोडांत आपला कुठला ते शोधत बसावं लागत नाही.